आखाजीआधी बदललेले शॉकअप

आमच्या खानदेशात दिवाळीचा नंबर दुसरा. पहिला आखाजीचा. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय तृतीया म्हणतो, गुंजभर सोनं घेतो आणि आमरस खाऊन दुपारी आडवा होतो. आमच्याकडे त्या दिवशी सासरी दिलेली प्रत्येक लेक माहेरात हजर पाहिजे, मग ती अठराची असो की ऐंशीची. गल्लीतल्या निंबाला झोके टांगलेले असतात, ऊन असं की कावळासुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पायी जातो, आणि त्या उन्हात म्हाताऱ्या बाया परकरातल्या पोरींसारख्या झोक्यावर चढतात. पण लेकीनं आपल्या पायानं यायचं नसतं. तिला आणायला भावानं जायचं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. ज्या बाईचा मुऱ्हाळी आला नाही तिचं त्या दिवशीचं तोंड ज्यानं बघितलंय, त्याला मी आणखी काही सांगायला नको.

मी चोपन्न वर्षांचा मुऱ्हाळी आहे. वय बासष्ट, पण ही नोकरी चोपन्न वर्षांची. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसरीत होतो. धरणगावाहून एस्टीनं धुळे, आणि तिथून पांझरेच्या पुलावरून पायी देवपूर. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई शेतात गेली की मला कडेवर घेऊन तिनंच मोठं केलं. मी जन्मलो तेव्हा ती बाराची होती, म्हणजे तिची शाळा सुटली ती माझ्यामुळेच. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. बाकीच्यांनी दाखवलं.

चोपन्न वर्षांत एक खाडा नाही. एका वर्षी एस्टीचा संप होता. मी त्या वर्षी बैलगाडी, सायकल आणि उंट अशा तीन वाहनांनी देवपूर गाठलं असं मी जिनिंगात, म्हणजे माझ्या कापसाच्या कारखान्यात, सांगत आलोय. उंट नव्हता. दुधाचा टेम्पो होता. पण पोचलो. मागची दहा वर्षं तर आमची स्वतःची गाडी. पांढरी, छोटी, जुनीच घेतलेली, आता सोळा वर्षांची. तिचा पांढरा रंग आमच्या मातीनं केव्हाच चहाचा करून टाकला, पण अक्का त्या गाडीतून माहेरी उतरायची तेव्हा गल्लीत विमान उतरल्यासारखी गर्दी व्हायची.

यंदा माघ महिन्यात अक्का खोकली. नुसती खोकली, आणि पाठीचा एक मणका चेपला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि मला पेन्सिलीनं दाखवलं. हाडं आतून पोकळ झालीत, म्हणाले, वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखी. एक गेलाय, बाकीचे रांगेत उभे आहेत. मी विचारलं, "साहेब, आखाजीला माहेरी न्यायचंय." ते म्हणाले, "न्यायला माझी हरकत नाही. फक्त दणका लागता कामा नये." आणि पुढचा पेशंट बोलावला. धुळे ते धरणगाव दणका न लागता न्या म्हणजे तापीत उतरा पण धोतर कोरडं ठेवा.

दवाखान्यातून देवपूरच्या घरी तिला मीच माझ्या गाडीतून आणलं. जेमतेम दीड किलोमीटर. पहिल्या गतिरोधकावर पुढची चाकं चढली, उतरली, आणि मग गाडी नमस्कार घालत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. खालून ठण्ण, ठण्ण, ठण्ण. आणि प्रत्येक ठण्णनंतर मागच्या सीटवरून "माय वं". मोठ्यानं नाही. दाताखाली धरलेलं. घर येईपर्यंत मी ते अकरा वेळा ऐकलं. मी फुगवून सांगणारा माणूस आहे, पण हा आकडा फुगवलेला नाही.

घरी तिला पलंगावर ठेवली. तिची सून हळूच म्हणाली, "मामा, आखाजीला अ‍ॅम्ब्युलन्स करू या का? त्यात स्ट्रेचर असतं."

अक्कानं डोळे उघडले. "माहेरले आडवी पडीसन जाऊ? मी काय मरेल शे?" मग माझ्याकडे बघून, "भाऊ, तू येशी ना माले लेवाले?"

"येईन ना. न येऊन जाईन कुठं?"

"याच गाडीमा?"

"याच गाडीत. पण नीट करून. तुझ्या पोटातलं पाणी हलणार नाही."

परत येताना सत्तर किलोमीटर मी एकच गोष्ट मनाशी घोकत होतो, की दोष गाडीचा आहे. गाडीचा दोष असला म्हणजे तो पान्यानं निघतो.

दिवस सरत गेले. जिनिंगाचा हंगाम संपेपर्यंत मला मान वर करायला वेळ नव्हता. आखाजी आठ दिवसांवर आली तेव्हा गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेलो. हा मिस्त्री म्हणजे एरंडोल रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये बसणारा पन्नाशीचा माणूस. बोलतो कमी, आणि बोलला की वाटतं बोलला नसता तर बरं. त्यानं बोनटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून एकदा दाबलं आणि सोडलं. गाडी पाळण्यासारखी झुलत राहिली. त्यानं विडी पेटवली, दोन झुरके घेतले, गाडी अजून झुलतच होती.

"नाना," तो म्हणाला, "पुढचे दोन्ही शॉकअप मेले. कधीचे मेले. तुम्ही मढी घेऊन फिरता."

"मग बदल."

"आखाजीनंतर या."

"मला आखाजीसाठीच पाहिजे रे बाबा."

त्यानं शेडकडे हात केला. लग्नसराई. नवरदेवाच्या, वऱ्हाडाच्या, जावयाच्या, अशा गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. "या सगळ्यांना पण आखाजीआधीच पाहिजे. सामान जळगावहून आणून ठेवा, मी नंतर बसवतो. आणि नाना, स्वतः हात घालू नका. शॉकअपवर स्प्रिंग असते, ती दाबून धरायला स्क्रूचं यंत्र लागतं. माझ्याकडे एकच आहे, ते कामात आहे. ती स्प्रिंग म्हणजे खेळ नाही."

"तू मला दाबायचं शिकवतो?" मी म्हणालो.

इथं माझ्या धंद्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा मूर्खपणा कळणार नाही. मी पस्तीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे. सरकीपासून सुटलेली रुई पेटीत भरतात, वरून हायड्रॉलिक प्रेसचा दट्ट्या येतो आणि खोलीभर रुईची कमरेएवढी गासडी करतो. गासडी दाबात असतानाच तिच्यावर लोखंडी पट्ट्या ओढून कुलपं ठोकायची. मग दट्ट्या वर जातो, गासडी एकदा श्वास घेते, पट्ट्या तुणतुण्यासारख्या वाजतात आणि धरून ठेवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या गासड्या एकावर एक रचल्या तर चंद्रावर जाऊन पारोळ्यापर्यंत परत येतील, आणि त्यातली एक, फक्त एक, पट्टी तुटून सुटली होती. तीही माझ्या सुट्टीच्या दिवशी. असा मी. आणि मला हा माणूस एका स्प्रिंगची भीती घालतो.

जळगावहून दोन नवे शॉकअप आणले. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला हातमोजेवाला माणूस बारा मिनिटांत शॉकअप बदलून हात पुसत होता. मी धरलं, त्याला बारा मिनिटं, मला बासष्ट.

अंगणात गाडी उभी होती आणि गाडीच्या टपावर बायकोनं बिबड्या वाळत घातल्या होत्या. ज्वारीच्या बिबड्यांना, म्हणजे आमच्या पापडांना, असं ऊन लागतं की आमच्या गावात चैत्र-वैशाखात ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे वाळवण आहे.

"गाडी हलवायची नाही," ती ओट्यावरून म्हणाली.

"हलवत नाही. खोलतोय."

"खोला. पण टप तसूभर कलला तर मी तुमच्या नावानं बिबडी मोजणार नाही वर्षभर."

जॅक लावला, टप कलला, तिनं बघितलं, मी बघितलं नाही. चाक काढलं. ब्रेकच्या नळीची पकड सोडवली. खाली शॉकअपला धरून ठेवणारे दोन मोठे बोल्ट. ते सोळा वर्षांत कुणी हलवले नव्हते. गंजून लोखंडाशी एकजीव झाले होते, जसं एखादं जुनं भांडण घरच्याशी एकजीव होतं. डिझेल ओतलं, घन मारला, पान्यावर नळी चढवून त्या नळीवर मी स्वतः उभा राहिलो. बोल्ट हलला नाही, गाडी हलली. तिसऱ्या तासाला पहिला बोल्ट असा किंचाळून सुटला की शेजारचा बैल उठून उभा राहिला. दुसऱ्याला दुपार गेली. बोनटच्या आतली वरची तीन नटं सोडली आणि शॉकअप स्प्रिंगसकट हातात आला. जुना शॉकअप तेलानं ओला होता. पिस्टन हातानं आत ढकलला, तो आत गेला तो तिथंच राहिला. मिस्त्री खरं बोलला होता. मढंच.

आता स्प्रिंग दाबायची. मी तो शॉकअप गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर टाकला आणि जिनिंग गाठलं. हंगाम संपलेला, कारखाना शांत. मशिनरीला तेलपाणी करायला चावी माझ्याकडेच असते. शॉकअप प्रेसखाली उभा केला, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि दट्ट्या हळूहळू उतरवला. हत्तीनं मुंगीच्या पाठीवर हात ठेवावा तसा. स्प्रिंग कुरकुरत बसत गेली. वेढ्यावेढ्यांतून चार पट्ट्या ओवल्या, ओढल्या, कुलपं ठोकली. दट्ट्या वर घेतला. पट्ट्या वाजल्या. धरून राहिल्या.

सांगतो, पस्तीस वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता. मी तिथं एकटाच टाळी वाजवली.

ते बांधलेलं धूड मी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून भर बाजारातून घरी आणलं. पट्ट्या प्रत्येक खड्ड्यात टिंग वाजत होत्या. अंगणात बसून वरचं नट सोडलं. स्प्रिंग बांधलेली, तिनं चूं केलं नाही. जुना शॉकअप काढला, नवा घातला, वरची टोपी बसवली, नट आवळलं. व्हिडिओवाल्यापेक्षा सुरेख. बायकोला हाक मारली, "ये, बघ." ती आली, कमरेवर हात ठेवून बघितलं, आणि तिनं आयुष्यात कधी प्रेस बघितलेली नाही, तरी तिनं जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात सकाळपासून एकदाही आला नव्हता.

"आता या पट्ट्या सोडायच्या कशा?"

मी पस्तीस वर्षं बांधत आलो. सोडली एकही नाही. आमच्या गासड्या ट्रकमध्ये चढतात आणि कुठं तरी दूरच्या सूतगिरणीत जातात. तिथं त्या कोण सोडतं, कशी सोडतं, हे मी कधी विचारलंही नव्हतं. पट्टीच्या कुलपाला सैल करायची सोयच नसते. ते एकदा ठोकायचं असतं. प्रेसमध्ये परत नेऊन दाबावं म्हटलं, तर नवा शॉकअप, नवी टोपी, ठोकळा बसेना असा घाट. आणि खरं कारण सांगतो, आता परत गोणपाटात गुंडाळून बाजारातून जायची मला लाज वाटली.

"कापतो," मी म्हणालो.

"एकाच वेळी चारी?"

"एकेक. मला शिकवू नको."

पुढं काय झालं ते मी गावात वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं सांगितलंय. स्प्रिंग उडाली आणि मारुतीच्या कळसावरून गेली. स्प्रिंग एरंडोलला एका न्हाव्याच्या आरशात सापडली. खरं इतकंच आहे की मी शॉकअप दोन्ही गुडघ्यांत धरला, पत्र्याच्या कात्रीनं पहिली पट्टी कापली, त्या बाजूनं स्प्रिंग मोकळी झाली आणि केळ्यासारखी वाकली, आणि उरलेल्या तिन्ही पट्ट्या एका क्षणात तुटल्या. शॉकअपनं हातभर उडी घेतली. फक्त हातभर. त्याच्या खालच्या लोखंडी टोकानं माझं उजवं मनगट गाठलं. एका पट्टीचं टोक फटकाऱ्यासारखं गेलं आणि टपावरच्या बिबड्यांचा चुरा अंगणभर उडाला. काही बिबड्या माझ्या डोक्यावर पडल्या. बायको "अहो" म्हणाली, आणि बिबड्या सोडून माझ्या हाताकडे बघायला लागली, तेव्हा मीही बघितलं. मनगट जिथं वळायचं तिथं वळत नव्हतं, आणि जिथं वळायचं नाही तिथं वळलं होतं.

जळगावला प्लास्टर घातलं. दोन हाडं. सहा आठवडे.

आखाजीला चार दिवस. गाडी अंगणात एका पायानं गुडघ्यावर बसलेली, चाक बाजूला. मी खाटेवर. बायको अंगणातला बिबड्यांचा चुरा सुपात भरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.  संध्याकाळी देवपूरहून सुनेचा फोन आला. तिनं तो अक्काच्या कानाला लावला.

"भाऊ, मी हिरवं लुगडं काढी ठेयं," अक्का म्हणाली. "आंबाना रस करजा. मी खासू."

मी "हो" म्हणालो. डाव्या हातात फोन होता. मग फोन ठेवून मी भिंतीकडे तोंड केलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं की आता मी नुसता एक म्हातारा फिटर आहे, आणि माझ्या भरवशावर कुणी लुगडं काढून ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. कुणी बोलावलं नव्हतं. गावात बातमी कळसावरून गेलेल्या स्प्रिंगसारखी पोचली होती. खांद्यावर पिशवी. गाडीपाशी उकिडवा बसला, कापलेल्या पट्ट्या उचलून बघितल्या, उलट्या करून बघितल्या.

"नाना, हे गासडीचं काम केलं?"

मी मान हलवली.

"आणि सोडणार कोण होतं, सूतगिरणीवाले?"

"हास बाबा. तुझा हक्क आहे."

पण तो हसला नाही. पिशवीतून त्यानं दोन लांब स्क्रू काढले, आकड्यांसकट. स्प्रिंगच्या दोन बाजूंना लावले आणि पान्यानं फिरवायला लागला. एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे. मी खाटेवरून बघत होतो. त्यानं जितके फेरे दाबायला घेतले तितकेच सोडायला घेतले, तितक्याच सावकाश. दोन्ही बाजूंचं काम त्यानं उन्हातच बसून संपवलं. शेवटी बोनटचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर आली आणि थांबली.

"चालवणार कोण?" त्यानं हात पुसत विचारलं.

मी प्लास्टरकडे बघितलं.

"मुऱ्हाळी तुम्हीच," तो म्हणाला. "स्टेअरिंग फक्त मी धरतो."

"तुझ्या लग्नाच्या गाड्या?"

"नवरदेवाला घोडं चालतं, नाना."

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. मागच्या सीटवर जिनिंगातली नवी रुई भरून हातभर जाड गादी केली होती. जाताना मी पुढच्या फळीवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला. एरंडोल, पारोळा, धुळे. एक थेंब सांडला नाही. बरं, तीन थेंब सांडले. पण ठण्ण म्हणून आवाज नाही, नमस्कार नाही. खड्ड्यात चाक जायचं, यायचं, आणि गाडी विसरून जायची. मी मिस्त्रीच्या खांद्यावर डाव्या हातानं थाप मारली. "आता माझी अक्का राणीसारखी येईल." तो म्हणाला, "हं."

अक्का पहाटेपासून तयार होती. हिरवं लुगडं, हातभर नव्या बांगड्या, डोक्याला तेल. फेब्रुवारीपासून ती अजून लहान झाली होती. पलंगावर ती कमी आणि लुगडं जास्त होतं. माझं प्लास्टर बघून म्हणाली, "हाई काय करं?"

"बिबड्या वाळत घालताना पडलो."

तिचा मुलगा, सून, मिस्त्री आणि डाव्या हातानं मी, अशा चौघांनी तिला चादरीनं उचलून रुईवर रेलून बसवलं; आडवी ती होणार नव्हतीच. मी तिच्या डोक्याशी बसलो, तिचा हात माझ्या डाव्या हातात. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. मिस्त्री त्यावरून असा गेला, जसं मांजर झोपलेल्या पोराच्या अंगावरून जातं. गाडीनं आवाज केला नाही.

"माय वं," अक्का म्हणाली.

मी म्हटलं, उचलताना दुखलं असेल. पांझरेचा पूल. पुलावरचे सांधे गाडीनं मोजलेसुद्धा नाहीत. अक्काची नखं माझ्या हातात रुतली. मग शहर संपलं आणि पारोळ्याचा रस्ता लागला. तो आता चौपदरी, तव्यासारखा सपाट. खड्डा नाही, दणका नाही. रस्ता नीट, गाडी नीट, आणि अक्काचा चेहरा कणकेसारखा पांढरा. ओठ दाताखाली. डोळ्यांतून पाणी कानांकडे जात होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"थांबू का, अक्का?"

"नही. चाल. काहीच व्हत नही." थोड्या वेळानं, "धरणगाव किती राह्यनं?"

धुळ्याबाहेरचं पहिलं गाव, फागणं, ते अजून आलं नव्हतं.

मी खाली कान लावला. चाकांचा आवाज, इंजिनाचा आवाज, बस. माझं सगळं शरीर त्या एका ठण्णसाठी कान होऊन बसलं होतं. एकदा वाजला असता तर मी देवाला नारळ फोडला असता. तो वाजला नाही. दुखत होतं ते गाडीमुळे नव्हतंच. नुसतं बसून, नुसतं श्वास घेऊन तिला दुखत होतं, आणि मी तीन महिने पाना घेऊन भलत्याच ठिकाणी उभा होतो. पारोळ्यापर्यंत तिचा दुसरा मणका गेला असता. आणि अक्का "फिरव" म्हणणार नव्हती. माहेरच्या रस्त्याला लागलेली बाई स्वतःच्या तोंडानं फिरव म्हणत नाही.

"मिस्त्री," मी म्हणालो, "थांबव. गाडीतून आवाज येतोय."

"कुठंय?" त्यानं मान तिरकी केली. "मला नाही येत."

"उजव्या चाकातून. मोठा येतोय."

"नाना, मी परवा स्वतः हातानं..."

"मी सांगतो ना येतोय!"

त्यानं आरशात बघितलं. आधी माझ्याकडे. मग आरसा बोटानं जरा खाली केला आणि अक्काकडे बघितलं. गाडी कडेला घेतली. खाली उतरला, उजव्या चाकापाशी बसला, उगाच हात घालून आला.

"हो," तो खिडकीतून म्हणाला. "आवाज आहे. माझ्याच हातून राहिलं काही तरी."

"तुझ्या नाही. माझ्या. मी बांधलं होतं ते," मी म्हणालो. "अक्का, गाडी फिरवावी लागेल. असं पुढं गेलो तर चाक निखळेल."

अक्का टपाकडे बघत राहिली. शेजारून ट्रक गेले. एका ट्रॅक्टरमधून दोन-तीन माहेरवाशिणी नव्या लुगड्यांत गेल्या, हसत.

"तुले येत नव्हतं," ती म्हणाली, "तं कसाले हात लावा रे?"

चोपन्न वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. मी तिच्या पायावरचं लुगडं सारखं केलं. 

"फिराव मंग," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिला परत पलंगावर ठेवलं. सून लुगडं बदलायला आली तर अक्कानं मानेनं नको म्हटलं. येताना मी पुढं बसलो.  घरी आलो तर निंबाला झोका बांधलेला. गल्लीतल्या बाया दारात आल्या. "अक्का नही उनी?" मी सांगितलं, गाडी बिघडली. त्या म्हणाल्या, अरे अरे, स्वतः कशाला खोलली मग. मी म्हटलं, हो ना. दुसऱ्या दिवशी रस केला. बायकोनं वाटी माझ्यापुढं ठेवली आणि तिची तिनंच परत उचलली.

हाताचं प्लास्टर निघाल्यापासून मी दर रविवारी देवपूरला जातो. गाडीनंच जातो. पण गाडी पांझरेच्या अलीकडं एका टपरीपाशी लावतो आणि पूल पायी ओलांडतो. अक्काला सांगितलंय, एस्टीनं येतो.

ती आता बसत नाही. बोलते. एकदा माझ्या सदऱ्याकडे बघत म्हणाली, "एस्टीमा गर्दी नव्हती का? कपडा कोरा शे तुना."

"खिडकी मिळाली."

"हं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "गाडी व्हयनी का नीट?"

"नाही अक्का. तो भाग मिळत नाही. मिस्त्री म्हणतो, कंपनीनं बंद केलाय. मी जळगाव पालथं घातलं, भुसावळला जाऊन आलो. जुन्या बाजारात एकाकडं आहे म्हणतात, पण तो गावी गेलाय."

"कव्हय येई तो?"

"येईल."

"पुढली आखाजीलगून व्हई ना?"

"तोवर होईलच."

तिनं मान हलवली. मी तिला पाणी पाजलं, पाय चेपले म्हणजे नुसते हात ठेवले, आणि निघालो. पूल पायी ओलांडला. गाडी टपरीपाशी उभी होती. किल्ली फिरवली. टपरीसमोर एक मोठा खड्डा आहे, पाण्यानं भरलेला. मी तो चुकवला नाही. चाक आत गेलं, बाहेर आलं, आणि गाडीनं चकार आवाज काढला नाही.